रिपोर्ट नॉर्मल आहे!

पेपर तपासायला धारवाडला जायचं म्हटलं, की आदल्या रात्रीपासूनच माझ्या पोटात कुरबुर सुरू होई. बसमध्ये चढण्याआधी शौचालयाच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. सकाळच्या तासाला निर्धास्त उभं राहता यावं म्हणून नाश्ताही सोडला. दोन वर्षं अशीच काढली. वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेलेले. तपासणीचं धैर्यच होईना.

शेवटी यजमानांनी ओढूनच नेलं. डॉक्टरांनी खोदून विचारलं. वजन घटलं का? शौचातून रक्त? रात्री झोपेतून उठावं लागतं? रक्त तपासलं, वडिलांच्या आजारामुळे दुर्बिणीनं आतडंही पाहिलं. सगळं नॉर्मल! मला रडूच कोसळलं. सासूबाई म्हणाल्या, "एनू इल्लंद्र, मत्त याक अळती?"

पण 'काही नाही' असं नव्हतंच. आजाराचं नाव आयबीएस. आतड्याची बांधणी ठीक, काम बिघडलेलं. मेंदू आणि आतड्याचे एकमेकांना जाणारे निरोप चुकतात. हे निदान 'दुसरं काही सापडलं नाही' म्हणून करत नाहीत. त्याला २०१६ चे रोम निकष आहेत. त्रास सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला हवा, शेवटचे तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखायला हवं, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, त्याच्या वेळांशी वा स्वरूपाशी जुळायला हवा. या तिन्हींतल्या निदान दोन गोष्टींशी.

मग आहारतज्ज्ञ बाईंच्या सल्ल्यानं काही आठवडे कांदा, लसूण, गहू, दूध बंद. घरात चातुर्मास बारमाही आला की काय, असं मुलं म्हणू लागली! मात्र ही बंदी कायमची नसते. एकेक पदार्थ परत आणून वहीत नोंद करायची. माझ्या वहीत गहू निर्दोष सुटला, कच्चा कांदा सापडला, आणि कुंदाही. बेळगावकराला याहून कठोर शिक्षा कोणती? ज्वारीची भाकरी मात्र सुखानं पचते. इसबगोल थोड्या मात्रेनं सुरू केलं.

एक गोळी मी पंधरा दिवस कपाटातच ठेवली होती. चिठ्ठीवर नैराश्याचं औषध म्हणून लिहिलेलं! "मला वेड लागलंय का?" असं विचारल्यावर डॉक्टर हसले. कमी मात्रेत ती आतड्याच्या मज्जातंतूंची दुखरी संवेदना कमी करते, म्हणाले. हे आधीच सांगितलं असतं तर!

ज्यांना रक्त जातं, वजन उतरतं किंवा पन्नाशीनंतर त्रास नव्यानं सुरू झालाय, त्यांनी माझी वही उसनी घेऊ नये; आधी तपासून घ्यावं.

परवा धारवाडला जाऊन आले. स्टँडवर फेरी एकच झाली, आणि निघताना उपीट खाल्लं होतं, बिनकांद्याचं.