दम खायलाही शिकावे लागते

मागच्या उन्हाळ्यात चेन्नईला बहिणीकडे गेले होते. भाचा कॉलेजात शिकतो. त्याला सायकल शर्यतींचे वेड. पहाटे पाचला तिरुवान्मियूरहून निघून तो ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमच्या दिशेने सायकल दामटायचा.

"मावशी, इथे आपला बोरघाट नाही. सपाट रस्त्यावर ताकद वाढवायची, तर चार मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं, मग थोडा दम खायचा आणि पुन्हा सुरू. अशा पाच फेऱ्या."

पण दोन महिन्यांत वेग वाढण्याऐवजी घटला होता. झोप उडाली, चिडचिड वाढली. बहीण काळजीने म्हणे, "शर्यत राहू दे, पोरगं धडधाकट असू दे."

मी त्याला विचारले, "मधल्या वेळात काय करतोस?"

"फारसा हळू होत नाही. नाहीतर मेहनत वाया जाईल ना!"

चूक तिथेच होती.

जोराच्या श्रमात स्नायूंतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा झपाट्याने उतरतो. श्रम थांबले, की साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरून येतो. पुरता भरायला मात्र काही मिनिटे लागतात. मधला वेळही जोरात गेला, तर पुढची फेरी रिकाम्या खिशाने सुरू होते. मग ती ना धड जोराची, ना धड आरामाची.

मग सायकल थांबवून बसावे का? तेही नको. एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. अगदी हलके पेडल मारत राहिले, की रक्ताभिसरण चालू राहते आणि साठलेले लॅक्टेट लवकर कमी होते. ते निव्वळ टाकाऊ नसते. हृदय आणि इतर स्नायू त्याचा इंधनासारखा उपयोग करतात. दम खाताना सहज गप्पा मारता आल्या पाहिजेत, ही सोपी खूण.

ही युक्ती जुनीच आहे. १९३०च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि डॉक्टर राइंडेल धावपटूंची नाडी १८०पर्यंत चढू देत आणि ती १२०वर उतरेपर्यंत थांबत. दीड मिनिटात उतरली नाही, तर श्रम जास्त झाले असे मानत. त्यांच्या तालमीतल्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला; तो १६ वर्षे टिकला. हे आकडे अर्थात कसलेल्या खेळाडूंचे. ज्याने त्याने आपले वय आणि प्रकृती पाहावी.

चेन्नईच्या दमट हवेत तर जास्तच सांभाळावे. घाम येतो, पण वाळत नाही. अंग थंड करण्यासाठी हृदयाला त्वचेकडेही रक्त पाठवावे लागते. नाडी सावकाश उतरते. म्हणून तिथे दम खाण्याचा वेळ वाढवावा, फेऱ्या कमी कराव्यात. घरी आल्यावर मीठ घातलेले 'नीरमोर', म्हणजे आपले पातळ ताक, उत्तम. गरगरले, अंगावर शहारे आले किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर लगेच सावलीत जावे, अंगावर पाणी घ्यावे आणि डॉक्टरांना गाठावे.

भाच्याने ऐकले. पाचाच्या चार फेऱ्या केल्या, मधली चार मिनिटे अगदी रमतगमत. महिन्याभराने त्याचे पत्र नाही, फोनच आला. "मावशी, शेवटची फेरी पहिलीइतकीच जोरात झाली!"

मागून बहिणीचा आवाज आला, "अगं, दम खायचा हा नियम स्वयंपाकघरात लागू होतो का, तेही सांग!"

होतो, नक्की होतो.