मध्यांक म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे

हार्वर्ड विद्यापीठातील जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना जुलै १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा मेसोथेलिओमा असल्याचे निदान झाले. त्यांनी ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यांक अवघा आठ महिने असल्याचे दिसले. प्रत्यक्षात ते आणखी वीस वर्षे जगले. २००२ मध्ये त्यांचा मृत्यू झाला, तो दुसऱ्याच कर्करोगाने. मध्यांक आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याआधी दगावतात. उरलेले निम्मे त्यानंतरही जगतात आणि त्यातील काही बरीच वर्षे, असे गूल्ड यांनी १९८५ मधील लेखात समजावले होते.

गूल्ड यांचे उदाहरण अपवादात्मक, हे खरेच. हा आजार आजही अत्यंत घातक आहे. पण त्या दुसऱ्या निम्म्यात जाण्याची शक्यता कशाने वाढते, या प्रश्नाला चाळीस वर्षांपूर्वीपेक्षा बरीच ठोस उत्तरे आता मिळाली आहेत.

पहिले उत्तर अचूक निदानाचे. छातीच्या मेसोथेलिओमात फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठते, दम लागतो. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की आधी क्षयाची शंका येते आणि बहुतेकदा ती रास्तही असते. मात्र उपचारानंतरही पाणी पुन्हा भरत असेल, तर केवळ पाण्याच्या तपासणीवर विसंबणे पुरेसे नाही. दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. आजाराचा उपप्रकारही त्यातूनच कळतो. ‘एपिथेलिऑइड’ प्रकारात आयुर्मान तुलनेने अधिक, तर ‘सार्कोमेटॉइड’ प्रकारात सर्वांत कमी असते.

दुसरे उत्तर औषधांचे. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन एकत्र दिल्यास मध्यांक सुमारे नऊवरून बारा महिन्यांवर जातो, हे २००३ मध्ये दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने निवोलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांच्या जोडीला मान्यता दिली. त्यामागच्या ६०५ रुग्णांच्या चाचणीत केमोथेरपी घेणाऱ्यांचा मध्यांक १४.१ महिने, तर नव्या औषधांचा १८.१ महिने होता. तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १५ आणि २३ टक्के होते. मध्यांकातला फरक चार महिन्यांचा. पण दीर्घकाळ जगणाऱ्यांच्या गटात झालेली भर अधिक महत्त्वाची आहे. ही औषधे फार महाग असल्याने आपल्याकडे ती किती जणांना परवडतील, हा प्रश्न उरतोच.

‘मोठी शस्त्रक्रिया म्हणजे चांगला उपचार’ हा समज मात्र इथे तपासून घ्यावा लागतो. ब्रिटनमधील ‘मार्स-२’ चाचणीत छातीच्या मेसोथेलिओमासाठी केमोथेरपीसोबत विस्तृत शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यांक १९.३ महिने, तर केवळ केमोथेरपी घेतलेल्यांचा २४.८ महिने निघाला. शिवाय शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंतही अधिक झाली. पोटाच्या प्रकारात चित्र वेगळे आहे. दिसणाऱ्या गाठी काढून पोटात कोमट केलेले केमोथेरपीचे औषध फिरवण्याच्या पद्धतीने, निवडक रुग्णांच्या ४०५ नोंदींत मध्यांक ५३ महिन्यांपर्यंत गेलेला आढळला. म्हणूनच अनुभवी कर्करोग केंद्रात, अनेक शाखांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून निर्णय घेणे रुग्णाच्या हिताचे ठरते.

तिसरे उत्तर रुग्णालयाबाहेरचे आहे. या आजाराचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू श्वासावाटे शरीरात गेल्यानंतर आजार उमटायला वीस ते पन्नास वर्षे लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कधी कारखानाही बंद पडलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यापैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला होता. ही नोंद हाती असेल तर डॉक्टरांची शंका वेळेत योग्य दिशेला वळते. अन्यथा ‘पूर्वी कुठे काम करत होता?’ हा साधा प्रश्न डॉक्टरांनी विचारायला हवा. त्यांनी नाही विचारला, तर रुग्णाने आपणहून सांगायला हवे.

अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. भारत मात्र आजही मोठ्या आयातदारांपैकी एक आहे आणि हा माल मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातो. आज ते पत्रे कापणाऱ्याच्या श्वासात जाणारी धूळ काही दशकांनी रुग्णालयाच्या दारात उभी राहू शकते. उपचारांनी काही वर्षे मिळवता येतात. ही धूळ थांबवली, तर अख्खे आयुष्य वाचते.