करंटने दुखणे थांबते. पण बरे होते का?

‘‘डॉक्टरसाहेब, गोळ्या नकोत. करंट लावून द्या. परवा कामावर जायचंय.’’

बजाजनगरातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. पहिली पाळी सुटली की कंबर धरून, मान एका बाजूला कलती ठेवून माणसे येतात. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग लहानमोठे असंख्य कारखाने आले आणि बीड, जालना, परभणीकडची तरुण मुले येथे राहायला आली. त्यांतले काही आता निवृत्त झाले आणि त्यांची मुले पाळीला जातात. प्रेसवर वाकणे, पेट्या उचलणे आणि आठ-आठ तास उभे राहणे मात्र सुटलेले नाही. एक खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून सर्वांना झटपट इलाज हवा असतो. करंटइतका झटपट वाटणारा इलाज दुसरा नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. करंट हा खोटा उपचार नाही. त्याने दुखणे खरोखर कमी होते. परंतु दुखण्याचे कारण त्याने जात नाही. हा फरक ज्याला समजला त्याला करंटचा फायदा होतो. ज्याला समजला नाही त्याचा पैसा जातो, आणि कधी कधी पायातली शक्तीही जाते.

आपण सगळ्यालाच ‘शेक’ म्हणतो. खरे तर यात शेकण्यासारखे काही नसते. ‘टेन्स’ नावाच्या छोट्या यंत्रातून कातडीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमार्फत विजेचे सौम्य ठोके शिरांपर्यंत जातात व मुंग्या आल्यासारखे वाटते. ‘आयएफटी’मध्ये दोन प्रवाह एकमेकांना छेद देतील असे सोडतात. ‘मसल स्टिम्युलेटर’ने स्नायू प्रत्यक्ष आखडतो आणि सैल होतो. डायथर्मीने मात्र उष्णता मिळते, आणि अल्ट्रासाऊंड म्हणजे ध्वनिलहरी. मानसिक आजारात देतात त्या ‘शॉक’शी यांपैकी कशाचाही संबंध नाही.

मग वेदना कमी कशी होते? गुडघा पलंगाच्या काठावर आपटला की आपण नकळत तो चोळतो आणि जरा बरे वाटते. यामागचे कारण रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो त्या वाटेवर मज्जारज्जूत जणू एक फाटक असते. स्पर्शाचा, चोळण्याचा निरोप तेथे पोचला की हे फाटक काही अंशी बंद होते आणि वेदनेचा निरोप अडतो. टेन्सचे जलद ठोके हेच काम करतात. संथ ठोक्यांनी शरीरातली नैसर्गिक वेदनाशामक द्रव्येही स्रवतात. थोडक्यात, करंट म्हणजे यंत्राने केलेले चोळणेच समजा.

चोळणे थांबले की पुन्हा दुखू लागते, तसेच येथेही होते. २०२२ साली जगभरातील ३८१ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. टेन्स चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच वेदना कमी होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. दुसरीकडे, ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स किंवा आयएफटी देऊ नये, असाच सल्ला डॉक्टरांना दिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तासाभराचा आराम वेगळा आणि महिन्यानंतर पेटी उचलता येणे वेगळे.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हटले तर खोटे ठरेल. काही वर्षांपूर्वी मीही दवाखान्यात असे यंत्र आणले. प्रेसवर काम करणारा एक तिशीतला तरुण कमरेपासून पोटरीपर्यंत कळ येते म्हणून आला. मी दहा दिवस करंट घ्यायला सांगितले. तो रोज पाळी संपली की येई, वीस मिनिटे पडून राही आणि ‘‘आज बरं वाटतंय’’ म्हणून जाई. आठव्या दिवशी त्याची बायको सोबत आली. ती दारातूनच म्हणाली, ‘‘डॉक्टर, यांची चप्पल चालता चालता पायातून निघून जाते हो. त्यांना कळत पण नाही.’’

मी त्याला टाचांवर चालायला सांगितले. उजवे पाऊल वर उचलेना. मणक्यातली सरकलेली गादी शिरेला दाबत होती आणि मी पोटरीला करंट लावत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्याच दिवशी त्याला घाटीत पाठवले. पुढे शस्त्रक्रिया झाली, कळ गेली. पण पावलातली शक्ती पूर्ण परत आली नाही. प्रेसचे काम सुटले, आता तो एका गोदामावर रखवालदार आहे. भेटला की नमस्कार करतो. मला मात्र त्याच्या पायाकडेच पाहावेसे वाटते. दोष यंत्राचा नव्हता. पहिल्याच दिवशी त्याला टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहण्याचे दोन मिनिटांचे काम मी केले नव्हते.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो, करंट घेण्यापूर्वी तपासणी करून घ्या. पाय किंवा हात अशक्त झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. दुखण्याबरोबर ताप आहे, वजन घटते आहे किंवा उंचावरून पडल्यानंतर दुखू लागले आहे, तरीही करंट नको, आधी निदान. आणि चाळिशीपुढच्या माणसाचा डावा खांदा किंवा हात दुखतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम आहे, तर पट्ट्या चिकटवत बसू नका. ईसीजी काढा.

तोंड वाकडे झाल्यावर करंट घेण्याची आपल्याकडे मोठी पद्धत आहे. हात-पाय किंवा बोलणेही बिघडले असेल तर तो पक्षाघात असू शकतो, तेथे एक मिनिटही दवडू नये. फक्त चेहऱ्याची शीर सुजली असेल, तर पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शीर पूर्ण बरी होण्याची शक्यता वाढते. करंटने असा लाभ होतो हे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. करंटच्या नादात हे तीन दिवस गेले तर ते परत मिळत नाहीत. उघड्या राहणाऱ्या डोळ्याची काळजी घ्यायची, तेही राहून जाते.

मग करंटचा खरा उपयोग कोठे? रांजणगावच्या एका मावशींचा गुडघा बदलला होता. महिना होत आला तरी मांडीचा स्नायू हुकूम ऐकेना. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मांडीला स्टिम्युलेटर लावला आणि सांगितले, ‘‘मावशी, करंट आला की तुम्हीही जोर लावून पाय ताठ करा. नुसतं पडून राहायचं नाही.’’ हळूहळू स्नायू जागा झाला, पुढे यंत्र सुटले आणि व्यायाम राहिला. दोन-अडीच महिन्यांनी मावशी जिना चढून माझ्याकडे आल्या. शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या स्नायूला, पक्षाघातात लोंबणाऱ्या पावलाला असा करंट खरोखर हात देतो. आपल्या देशात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले ते पोलिओच्या साथीनंतर, १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात. लुळ्या पडलेल्या मुलांना पुन्हा उभे करणे हे त्या विद्येचे काम होते. नुसत्या पट्ट्या लावून घड्याळ पाहत बसणे ही त्या विद्येची थट्टा आहे.

कंबर-मानेच्या जुन्या दुखण्यातही टेन्स वापरता येतो, पण एका अटीवर. दुखणे कमी झाले की त्या अर्ध्या तासात व्यायाम करायचा. उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर हळूहळू उचलावी, दहा वेळा. गुडघेदुखी असेल तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद खाली दाबावी. नंतर पंधरा मिनिटे चालावे. हे न करता घेतलेला करंट म्हणजे भोक न बुजवता टाकीत पाणी भरणे.

आषाढीला आपल्या वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला शहरातून हजारो लोक पायी येतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून काही जण दवाखान्यात हजर! सवय नसताना चालल्याने स्नायू दुखतात, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि आपोआप बरे होतात. पाणी, झोप आणि थोडे हळू चालणे पुरे. मात्र लघवी चहासारखी गडद झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम लागली, तर लगेच दाखवा. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर तेथे करंट देणे धोक्याचे आहे.

हल्ली मुले आईवडिलांसाठी घरीच यंत्र मागवतात. त्यांनी एवढे पाळावे. छातीत पेसमेकर असेल तर वापरू नये. गरोदर बाईच्या पोटावर वा कमरेवर, गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, जखमेवर, कर्करोगाच्या गाठीवर पट्ट्या लावू नयेत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर तेथे लावू नये. करंट किती झाला हे कळत नाही आणि कातडी भाजते. झोपताना, गाडी चालवताना, मशीनवर काम करताना तर मुळीच नको. मुंग्या जाणवाव्यात पण चटका नसावा. रोज बराच वेळ लावल्यास गुणही कमी येतो.

माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे. तपासणी न करता ‘दहा दिवसांचे पॅकेज’ देऊ नये. तीन-चार वेळा करंट घेऊनही चालणे, वाकणे सुधारले नाही तर रुग्णाला तसे स्पष्ट सांगून फेरविचार करावा. रुग्णांनीही उपचार देणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. कारखान्यातल्या साहेबांना एवढेच सांगेन, की जमिनीवरची पेटी गुडघ्याच्या उंचीवर ठेवण्याची सोय केली तर माझ्याकडची गर्दी निम्मी होईल. आणि कामगार बंधूंनो, विमा योजनेचे कार्ड असेल तर त्याची माहिती घ्या. हप्त्यांची अट पूर्ण असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची तरतूद त्यात आहे. दुखणे दाबून पाळीला जाण्यापेक्षा चार दिवसांची रजा स्वस्त पडते.

यंत्र माझ्या दवाखान्यात अजूनही आहे. कोणी ‘करंट लावा’ म्हणाले की मी नाही म्हणत नाही. फक्त त्याआधी सांगतो, ‘‘चपला काढा, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचांवर चालून दाखवा.’’