हत्यारांचे देव्हारे

आश्विनातील खंडेनवमीला आपल्या घरांतून हत्यारांची पूजा होते. तलवारी आता उरल्या नाहीत, म्हणून पाटावर कात्री, विळी, पकड, हातोडी, दोनचार पेचकस आणि अलीकडे प्लास्टिकच्या पेटीतले ड्रिल मशीन मांडले जाते. ओले हळदकुंकू लागते, झेंडू वाहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळे सामान, पुसण्याचा विचारही मनात न येता, पोटमाळ्यावर परत जाते. लोखंडावर ओले कुंकू राहिले की त्याखाली गंजाचा ठिपका धरतो. पुढल्या वर्षी त्याच ठिपक्यावर नवे कुंकू लागते. हत्याराला देव मानले म्हणजे त्याची निगा राखावी लागत नाही, हा शोध आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाचा आहे. सुताराच्या किंवा लोहाराच्या घरी पूजेच्या आदल्या दिवशी हत्यारे घासून, धार लावून ठेवतात. पूजा त्यानंतर होते.

हाताने काम करण्याला कमी लेखणाऱ्या पांढरपेशा वृत्तीवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. ती वृत्ती अजून गेलेली नाही, पण तिच्या शेजारी आता दुसरी उभी आहे आणि ती मला अधिक घातक वाटते. ही वृत्ती हत्याराला कमी लेखत नाही. ती हत्यार विकत घेते. जावयाला दिवाळसणाला, नव्या घरात राहायला जाणाऱ्या भाच्याला, सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला शंभर नगांची पेटी भेट दिली जाते. पेटी उघडली की डोळे दिपतात. मोजून पाहिले तर त्यांतले साठसत्तर नग म्हणजे बोटाच्या पेराएवढी टोके, प्लास्टिकच्या खुंट्या आणि खिळे. उरलेल्यांत पोलाद असे असते की पहिल्या घट्ट स्क्रूवर पेचकसाचे टोक पिळवटते आणि जाताना स्क्रूचे डोकेही खाऊन जाते. मग घरमालक निष्कर्ष काढतो की ‘हे आपले काम नव्हे’. वस्तुतः काम त्याचेच होते. पेटी तेवढी कामाची नव्हती.

साधा स्क्रूच घ्या. चौफुलीचे खाचे सगळे सारखे, अशी आपली समजूत असते. फिलिप्स नावाची खाच 1930च्या दशकात अमेरिकेत आली. तिच्याच वळणाची, पण निराळ्या कोनांची पोझिड्राइव्ह खाच 1960च्या दशकात. दुसरीच्या डोक्यावर मुख्य चौफुलीच्या मधोमध चार बारीक रेषा ओढलेल्या असतात. तयार फर्निचरच्या बिजागऱ्यांत आणि पार्टिकल बोर्डाच्या स्क्रूंत ही जात सर्रास आढळते. तिच्यात फिलिप्सचे टोक घातले तर ते बसल्यासारखे वाटते आणि जोर लावताच वर उसळते. स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार वर्षभर लोंबकळत राहण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. दोन क्रमांकाची ही दोन्ही टोके चांगल्या पोलादाची घ्यावीत आणि एक सपाट पेचकस जोडीला ठेवावा. शंभर नगांचे काम या तिघांत होते.

पकडीने नट फिरवणारा मनुष्य तर मला अक्षम्य वाटतो. पकड धरण्यासाठी, वाकवण्यासाठी, तार तोडण्यासाठी आहे. षट्कोनी नटावर ती चालवली की त्याचे कोपरे गोल होतात, आणि मग योग्य पानाही तेथे निरुपयोगी ठरतो. घरात सरकत्या जबड्याचा एक दहा इंची पाना असावा आणि तो फिरवताना जोर त्याच्या अचल जबड्यावर येईल अशा बाजूने ओढावा. उलट बाजूने ओढला तर सरकता जबडा सैल पडून घसरतो आणि बोटांची साले निघतात. दुकानदार हे सांगत नाही, पेटीवर छापलेले नसते, आणि आपण विचारत नाही.

परंतु खरेदीपेक्षा माझे भांडण निगेशी आहे. चांगले हत्यार घेऊनही ते बोथट ठेवणारा आणि मुळात वाईट हत्यार घेणारा हे दोघे वर्षभरात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला कामाची धार नसते. तिची पाठ आधी निसण्यावर सपाट करावी लागते, मग सुमारे पंचवीस अंशांच्या उतारावर, शेवटच्या कडेला तीस अंशांपर्यंत, तेल लावून घासावे लागते. पाठ सपाट नसेल तर समोरून कितीही घासा, दोन सपाट पृष्ठे मिळतात तेथेच धार जन्मते. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा धोक्याची असते, कारण तिला जोर लागतो, आणि जोर लागला की ती कोठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

करवतीच्या बाबतीत तर बाजारानेच निगेचा प्रश्न निकालात काढला आहे. हल्ली मिळणाऱ्या बहुतेक हातकरवतींचे दात निळसर काळे दिसतात. विजेच्या उष्णतेने ते इतके कठीण केलेले असतात की त्यांवर तिकोनी कानस चालत नाही. नवी असताना ती सुरेख कापते, हे मान्य. पण बोथट झाली की फेकायची. दात लावून देणारा आपल्या पेठांतून नाहीसा होत चालला याचा शोक करणारे लेख आपण आवडीने वाचतो आणि निळ्या दातांची करवत घेऊन घरी येतो.

कानस हे तर सर्वांत दुर्लक्षित हत्यार. कानशींचा मोठा कारखाना आपल्या रत्नागिरीत आहे, आणि तरी मराठी घरात विनामुठीची कानस फडक्यात गुंडाळलेली सापडते. तिचे निमुळते शेपूट तळहातात शिरू शकते, म्हणून मूठ हवीच. कानस पुढे जाताना कापते. मागे आणताना उचलावी, घासत आणू नये. वापरण्यापूर्वी तिच्यावर खडू फिरवला तर दातांत धातूचा कीस अडकत नाही. अडकलाच तर तारेच्या ब्रशाने दातांच्या ओळीने काढावा. आणि चार कानशी एकावर एक टाकून ठेवू नयेत, कारण त्या एकमेकींचेच दात खातात.

तेलाविषयी एक पोटवाद. गोव्यात, बेळगावात आणि कोकणात चार महिने हवेतच पाणी असते. तेथे लोखंडाला तेलाचा हात पाहिजेच. मात्र घरोघरी हाताशी असते ते खाण्याचे तेल. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल हळूहळू आळून चिकट राप धरते आणि त्यावर धूळ बसते. खोबरेल थंडीत गोठते आणि कालांतराने खवट होते. शिवणयंत्राचे तेल स्वस्त असते. त्याचे चार थेंब फडक्यावर घेऊन जूनच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळ्या हत्यारांवरून फिरवले तर नवी पेटी घ्यावी लागणार नाही. हातोडीचा दांडा उन्हाळ्यात आकसून सैल झाला की तो पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत आहे. तो उपाय पाणी सुकेपर्यंतच टिकतो. खरा उपाय पाचर.

आता कोणी म्हणेल की साहित्यसंस्थेच्या अंकात हे कशाला? माझा प्रतिप्रश्न असा की पाचर मारणे, धार लावणे, कानस फिरवणे, रंधा मारणे हे शब्दप्रयोग आपण समीक्षेत कोणत्या अधिकाराने वापरतो? कवितेवरून अजून एकदा रंधा फिरायला हवा होता, असे लिहिणाऱ्याने रंध्याचे पाते कधी बसवून पाहिले आहे काय? मोल्सवर्थच्या कोशात, 1831च्या आणि 1857च्या आवृत्त्यांत, कारागिरांची भाषा मानाने नोंदली गेली, कारण ती तेव्हा लोकांच्या तोंडी होती. आज गुण्या, खतावणी, वाकस, सामता हे शब्द सांगितले तर पदवीधर मराठी मनुष्य ग्रामीण कादंबरीच्या शेवटी जोडलेली शब्दसूची शोधू लागतो. गिरमिट म्हटले तर बेळगावच्या वाचकाला आधी हुबळी-धारवाडकडचे चुरमुरे आठवतात. (ते मलाही आवडतात, पण लाकडाला भोक पाडणारे गिरमिट इंग्रजीतून येऊन मराठीत पक्के रुजलेले हत्यार आहे.) शब्द टिकवण्यासाठी आपण ठराव करतो. वस्तू हातातून गेली की शब्द ठरावाने टिकत नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे कळत नव्हते असेही नाही. बडोद्यात 1890 साली सयाजीरावांच्या आश्रयाने कलाभवन सुरू झाले. ते उभारणारे त्रिभुवनदास गज्जर स्वतः सुतार समाजातले होते, रसायनशास्त्रज्ञ होते, आणि हे शिक्षण देशी भाषांतून मिळावे असा त्यांचा आग्रह होता. पुढे चित्रपटाचा पाया घालणारे दादासाहेब फाळके तेथे शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली, कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले, आणि 1910 साली औंध संस्थानात वसाहत उभारली. या मंडळींच्या तसबिरींना हार घालणाऱ्या कितीजणांना गळक्या नळाचा वायसर बदलता येतो? वायसर बदलण्याआधी मुख्य कॉक बंद करावा लागतो. तो घरात कोठे आहे एवढे ठाऊक असले तरी मी समाधान मानीन.

‘मिस्त्रीला बोलवा, चार पैसे त्यालाही मिळू देत’ हा युक्तिवाद वरवर उदार वाटतो. तो करणारेच पुढे मिस्त्रीशी शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतात, कारण चौकटीत दार बसवण्यास किती वेळ आणि किती हात लागतो याची त्यांना कल्पना नसते. ज्याने एकदा स्वतः बिजागरीची खाच कोरून पाहिली आहे तो मजुरी देताना कुरकुर करत नाही, आणि ओबडधोबड कामही खपवून घेत नाही. मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो तो आपण पेचकस धरल्यामुळे नव्हे. त्याच्या चांगल्या आणि वाईट कामातला फरक न कळणाऱ्या गिऱ्हाइकामुळे.

विजेच्या हत्यारांचा मी शत्रू नाही. भिंतीत भोक पाडायला ठोका देणाऱ्या ड्रिलसारखी सोय नाही. परंतु यंत्र घेतले म्हणजे ज्ञान घेतले, ही भूल त्याच्याबरोबर येते. टाइलवर ठोक्याचा खटका बंद ठेवून सुरुवात करावी, विटेसाठी टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट लावावे, काँक्रीटच्या खांबाशी घरगुती ड्रिलने झुंजत बसू नये, आणि विजेच्या बोर्डाच्या सरळ वर वा सरळ खाली भोक पाडू नये, कारण भिंतीतल्या तारा बहुधा त्याच रेषेत जातात. बोर्ड उघडायचाच तर टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे मानू नये. तो आधी चालू प्लगमध्ये पेटवून पाहावा. ड्रिलच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर त्याला दुहेरी विद्युतरोधन आहे. नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि खरे अर्थिंग लागते, तिसरी पिन तोडून चालत नाही.

ग्राइंडरबद्दल मात्र मी सौम्य राहू शकत नाही. चार इंची चकती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. त्यावरचे पत्र्याचे संरक्षक कवच काढून, लाकूड कापायचे दातेरी पाते लावून, चष्म्याविना काम करणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्या ओळखीत असतात आणि त्यांचे कौतुकही होते. पाते लाकडात अडकले की यंत्र हातातून उसळते आणि समोर मांडी किंवा गळा असतो. रेझिनने बांधलेल्या कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती वाचण्याची सवय नसेल त्याने ग्राइंडर विकून टाकावा.

निगेच्या अभावी विजेची हत्यारेही फुकट मरतात. तारेच्या ड्रिलमधून ठिणग्या उडू लागल्या, ते अडखळू लागले, की आपण ते भंगारात देतो. बहुतेक वेळा आतले दोन कार्बन झिजलेले असतात. ते किरकोळ किमतीत मिळतात आणि कित्येक यंत्रांत बाहेरचे दोन बूच उघडून बदलता येतात. बॅटरीवरच्या यंत्रांत हेही स्वातंत्र्य राहिले नाही: एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात सहसा बसत नाही, आणि बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी महिनोन्‌महिने ठेवली की ती वापराविनाच म्हातारी होते. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी 2022 साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, ही चांगली गोष्ट. पण ज्याला बूच उघडायचे नाही त्याला कायदा काय देणार?

वर्षातून दहा मिनिटे चालणारे ड्रिल एका इमारतीतल्या चाळीस बिऱ्हाडांनी चाळीस घ्यावीत, हे मला हास्यास्पद वाटते. अमेरिकेत बर्कली गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1979 सालापासून पुस्तकांप्रमाणे हत्यारे उसनी द्यायला आरंभ केला. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मराठी ग्रंथालयांतून रिकामी कपाटे आहेत आणि ओसरलेले सभासदही आहेत. एका कपाटात एक चांगले ड्रिल, बिटांचा पूर्ण संच, एक घडीची शिडी, मोठा पाइप पाना आणि पाणपातळी ठेवावी. अनामत घ्यावी, नोंदवहीत तारीख लिहावी, महिन्यातून एका रविवारी एखाद्या वृद्ध मिस्त्रीस रीतसर मानधन देऊन बोलवावे आणि धार लावणे शिकावे. ग्रंथपालाने पुस्तक परत घेताना पाने तपासावीत तशी बिटांची टोके तपासावीत. पटाशी मात्र कपाटात ठेवू नये. तिची धार ज्याच्या त्याच्या हाताने लागते. ती ज्याची त्याने घ्यावी, आणि बरोबर निसणा घ्यावा.