पंच कोणाचे — पोलिसांचे की नागरिकांचे?

पोलिसांच्या हाती असलेली सत्ता ही लोकांनी त्यांना उसनी दिलेली सत्ता आहे. उसनी दिलेली वस्तू कशी वापरली जाते हे पाहण्याचा हक्क मूळ धन्याकडे राहतो, हा व्यवहारातला साधा न्याय होय. परंतु पोलीस ठाण्याच्या उंबरठ्यापाशी हा न्याय थबकतो. आत काय घडले ते पोलीस सांगतील तेवढेच बाहेर कळते, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मार खाणाऱ्यावर येऊन पडतो. ज्या साम्राज्याने १८६१ चा पोलीस कायदा भारतावर लादला, त्याच्याच मायदेशी गेल्या चार दशकांत सामान्य नागरिकांना या उंबरठ्याच्या आत नेण्याचा एक प्रयोग झाला आहे. त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही महाराष्ट्राने नीट पारखून घ्यावे अशा आहेत.

हा प्रयोग राज्यकर्त्यांच्या औदार्यातून जन्माला आला नाही. एप्रिल १९८१ मध्ये दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी ‘स्वॅम्प ८१’ नावाची मोहीम उघडली. साध्या वेशातील पोलिसांनी अवघ्या काही दिवसांत ९४३ माणसे रस्त्यात अडवली. अटक झाली ११८ जणांना, आरोप ठेवले गेले ७५ जणांवर, आणि त्यांत जबरी चोरीचा आरोप केवळ एकावर होता. मोहीम मात्र रस्त्यावरची लुटालूट थांबवण्याच्या नावाने चालली होती! अडवलेल्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते आणि बहुसंख्य विशीच्या आसपासची पोरे होती. बेकारीने आणि वर्णद्वेषाने आधीच होरपळलेली ती वस्ती १० ते १२ एप्रिल या तीन दिवसांत पेटून उठली. सरकारने नेमलेल्या लॉर्ड स्कारमन यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. पोलिसांनी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करणे कायद्याने बंधनकारक असावे आणि बाहेरच्या नागरिकांनी पोलीस ठाण्यांना आगाऊ न कळवता भेटी द्याव्यात, अशा त्यातल्या दोन शिफारशी होत्या.

त्यांतून पुढे दोन प्रथा रुजल्या. पहिली कोठडी अभ्यागतांची. वेतन न घेणारे दोन स्वयंसेवक दिवसा वा रात्री, केव्हाही ठाण्यावर जाऊन थडकतात. त्यांना विलंब न लावता आत घ्यावे लागते. कोठडीतल्या माणसाला जेवण मिळाले का, पांघरूण आहे का, औषध दिले का, वकिलाला बोलावण्याचा हक्क त्याला सांगितला का, हे ते त्याच्याशी बोलून पाहतात आणि लेखी अहवाल देतात. गुन्ह्याच्या तपासात ते पडत नाहीत. माणूस दोषी की निर्दोष हा त्यांचा प्रश्नच नव्हे. आधी ऐच्छिक असलेली ही व्यवस्था २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने सक्तीची झाली.

दुसरी प्रथा परीक्षण मंडळांची. १९८४ च्या कायद्याने पोलिसाला रस्त्यात कोणाची झडती घ्यावयाची तर वाजवी संशयाचे कारण असले पाहिजे आणि त्याची नोंद झाली पाहिजे, असे ठरले. या नोंदी समाजाच्या प्रतिनिधींना तपासता येतील अशी व्यवस्था करणे त्या कायद्याखालील आचारसंहितेनुसार पोलीस दलांवर बंधनकारक आहे. म्हणून गावोगावची स्वयंसेवक मंडळे एकत्र बसून या नोंदी वाचतात. ‘अस्वस्थ दिसला’, ‘परिसर गुन्ह्यांसाठी कुप्रसिद्ध आहे’ असली ठोकळेबाज कारणे पुरेशी होत नाहीत, असा शेरा मारतात. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्येही पुष्कळ मंडळे पाहतात.

एवढे करूनही अन्याय संपला काय? संपलेला नाही. २०२२–२३ या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार गोऱ्यांमागे सुमारे ६ झडत्या झाल्या, तर दर हजार कृष्णवर्णीयांमागे सुमारे २४. दहांतल्या जवळपास सात झडत्यांतून पुढे काहीही कारवाई निघाली नाही. मंडळांचे मत पोलिसांवर बंधनकारक नसते. कोणती नोंद आणि कोणते दृश्य पुढे ठेवायचे हे अनेक ठिकाणी पोलीसच ठरवतात. शिवाय बिनपगारी सेवा करावयाला सवड कोणाला असते? निवृत्त पांढरपेशांना. ज्याची झडती घेतली जाते तो तरुण पाळीवर राबत असतो, नाहीतर काम शोधत फिरत असतो. ज्याच्यावर सत्ता चालते तोच परीक्षकांच्या बाकावर नसेल, तर परीक्षणाचे सभ्य चहापान व्हावयाला वेळ लागत नाही.

तरीही या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध केली आहे. बाहेरचा माणूस रात्री दोन वाजता कोठडीपाशी उभा राहिला म्हणून कायदा-सुव्यवस्था कोसळत नाही. ‘तपासात अडथळा येतो’ ही सबब त्या देशात चार दशकांच्या अनुभवाने निकालात निघाली आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. पंच ही येथील भाषेतली आणि कायद्यातलीही जुनी संस्था आहे. घरझडती घेताना त्याच भागातील दोन वा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असे फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेली नागरिक सुरक्षा संहिताही तेच सांगते. पोलिसांच्या सत्तेवर शेजाऱ्याची नजर असावी, हाच त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात पंच म्हणजे पोलिसांच्या ओळखीचा, दाखवाल तेथे सही करणारा इसम, अशी त्या संस्थेची दशा झाली. जो नागरिकांच्या वतीने पोलिसांकडे पाहणार होता, तो पोलिसांच्या वतीने आरोपीकडे पाहू लागला.

या अधःपाताची किंमत कोण मोजतो? १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये कागदावर विमुक्त झाल्या. पण चोरी कोठेही झाली तरी पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा तिचे नातेवाईक बाहेरच थांबलेले होते. ठाण्यातले दिवे मालवलेले होते आणि दार बंद होते. ते दार उघडावयास लावण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना सोडून दिले. देशभर स्त्रियांनी आंदोलन केले, आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. दाराचा प्रश्न तसाच राहिला.

त्यानंतर उपाय झाले नाहीत असे नाही. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने अटकेच्या टिपणावर नातेवाइकाची वा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही बंधनकारक केली. प्रकाश सिंग खटल्यातील २००६ च्या आदेशानुसार पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमावयाची होती. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आणि कोठडीत कॅमेरे बसवण्याचा आदेश झाला. नव्या संहितेने झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रणही आवश्यक केले आहे. परंतु तक्रार प्राधिकरण घटना घडून गेल्यावर जागे होते, आणि तेही तक्रार करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी उरले आहे त्याच्याचसाठी. कॅमेरा तर केवळ टिपतो. टिपलेले पाहायचे कोणी, हाच खरा राजकीय प्रश्न आहे. कॅमेऱ्यांवरील जिल्हा देखरेख समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा, असे न्यायालयाने सांगितले. पालावरचा माणूस, हमाल, मोलकरीण त्या समितीत कोठेच नाही.

मार्ग मात्र न्यायालयानेच दाखवून ठेवला आहे. तुरुंगांना अशासकीय अभ्यागत नेमण्याची प्रथा १८९४ च्या तुरुंग कायद्यापासून आहे. बसू खटल्यातच २०१५ मध्ये न्यायालयाने तुरुंगांबरोबर पोलीस ठाण्यांसाठीही असे अभ्यागत नेमण्याचा विषय राज्य सरकारांपुढे ठेवला. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा करावा. अभ्यागताला आगाऊ सूचना न देता, कोणत्याही वेळी, कोणत्याही ठाण्यात प्रवेश असावा. त्याच्या अहवालाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देणे ठाणेप्रमुखावर बंधनकारक असावे आणि दोन्ही कागद प्रसिद्ध व्हावेत. कोणते चित्रण पाहावयाचे ते मंडळाने निवडावे, पोलिसांनी नव्हे. सभासदांना बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुसलमान आणि स्त्रिया यांना निश्चित जागा असाव्यात.

यावर एक रास्त शंका घेतली जाईल : अशा मंडळांत गावचे पुढारी आणि ठाण्यातले दलालच शिरतील. शांतता समित्यांचा अनुभव पाहता ही शंका उडवून लावता येणार नाही. म्हणूनच नेमणूक पोलीस अधीक्षकांच्या किंवा पालकमंत्र्यांच्या मर्जीवर सोडता कामा नये. इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवड व्हावी, मुदत दोन वर्षांची असावी आणि कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याला बंदी असावी. समाजवाद्यांनी स्वतःसाठीही अपवाद मागू नये.

हा लढा पोलीस शिपायाविरुद्धचा नाही. बारा-बारा तास राबणारा, गळक्या चाळीत राहणारा तो शिपाईही कष्टकऱ्याच्याच घरातला आहे. ‘वरून’ आलेला बेकायदा हुकूम नाकारावयाला त्याच्यापाशी आज कोणताच आधार नाही. ‘कोणत्याही क्षणी अभ्यागत येतील, साहेब’ हे एक वाक्य त्याच्या हाती आले, तर कोठडीतल्या माणसाइतकाच तोही सुरक्षित होईल. ज्या सत्तेला लपविण्यासारखे काही नाही, तिने दार उघडे ठेवावयास का भ्यावे? आणि जिला लपविण्यासारखे आहे, तिच्यासाठीच तर हे दार उघडावयाचे आहे.