ती टाळी कुणाची होती?

शेजारचे कुणी वाटीभर साखर किंवा चार अंडी मागायला आले, तर आपण दार उघडतो. यात विचार करण्यासारखे काही नसते. उलट नाही म्हणणेच जिवावर येते. १९९७ साली ऑस्ट्रियात तयार झालेल्या ‘फनी गेम्स’ या चित्रपटाची सारी भीती याच साध्या गोष्टीतून सुरू होते. आई, वडील, लहान मुलगा आणि त्यांचा कुत्रा असे एक सुखवस्तू कुटुंब सुट्टीसाठी तळ्याकाठच्या आपल्या घरी येते. थोड्या वेळाने एक तरुण दारात उभा राहतो. पांढरे कपडे, हातात पांढरे मोजे, बोलणे अतिशय नम्र. शेजारच्या बाईंनी चार अंडी मागितली आहेत, असे तो सांगतो. अंडी दिली जातात आणि त्याच्या हातून फुटतात. तो पुन्हा मागतो. मधल्या वेळात घरातला फोन त्याच्या ‘चुकून’ लागलेल्या धक्क्याने पाण्यात पडतो. मग त्याचा जोडीदारही येतो. दोघे ‘कृपया’ आणि ‘माफ करा’ म्हणत म्हणत घरात ठाण मांडतात. वडिलांचा पाय गोल्फच्या काठीने मोडला जातो, आणि मग ते दोघे एक पैज लावतात: उद्या सकाळी नऊपर्यंत तुमच्यापैकी कुणी जिवंत राहणार नाही.

वाचक भगिनी-बांधवांनो, हा चित्रपट बघा असे सांगायला हे लिहीत नाही. लहान मुलांसाठी तर तो मुळीच नाही. ब्रिटनमध्येही त्याला फक्त प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे. सांगायचे आहे ते पडद्यासमोर बसलेल्या माणसांविषयी, कारण या चित्रपटाची खरी गोष्ट पडद्याइतकीच खुर्च्यांवर घडली.

त्याचे दिग्दर्शक मिखाएल हानेके. तत्त्वज्ञान शिकलेला, दूरचित्रवाणीत बरीच वर्षे काम केलेला माणूस. १९९७ च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा अनेक जण मध्येच उठून गेले. जे बसून राहिले त्यांच्यातही पुष्कळजण संतापले होते. गंमत म्हणजे, ज्याला पडद्यावरची मारामारी म्हणतात ती या चित्रपटात फार थोडी दिसते. लहान मुलाचा जीव जातो तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात असतो. दोघांपैकी एक तरुण तिथे स्वतःसाठी खायला काढत असतो आणि आपल्याला फक्त बाहेरून बंदुकीचा आवाज ऐकू येतो. त्यानंतर कितीतरी मिनिटे कॅमेरा हलत नाही. त्या खोलीत उरलेले आईबाप, त्यांचे मुके होणे, उठण्याची धडपड, एवढेच आपण बघतो. दुसऱ्या चित्रपटांत असा प्रसंग झाला की लगेच पुढची धावपळ सुरू होते आणि मेलेल्याला आपण विसरतो. इथे विसरू दिले जात नाही. लोक उठून गेले ते रक्त बघवले नाही म्हणून नव्हे. दुःखासमोर इतका वेळ बसवले जाणे त्यांना सोसवले नाही.

बसून राहिलेल्यांचे काय झाले ते मात्र जास्त बोलके आहे. चित्रपटाच्या शेवटाकडे ती आई एका क्षणी झडप घालून बंदूक उचलते आणि एका तरुणाला गोळी घालते. कानच्या त्या खेळात या प्रसंगाला प्रेक्षागृहात टाळ्या वाजल्या, असे हानेके यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. दीड तास दाबून धरलेला श्वास सुटला. पण दुसऱ्याच क्षणी उरलेला तरुण इकडेतिकडे रिमोट शोधतो, बटण दाबतो आणि चित्रपट मागे फिरवतो. मेलेला जोडीदार पुन्हा उभा राहतो. या वेळी बंदूक आईच्या हाती लागत नाही. टाळ्या वाजवणारे एकदम गप्प झाले.

या ठिकाणी थोडे थांबून बघा. संपूर्ण चित्रपटात गोळी लागून झालेला एकच मृत्यू असा आहे, जो कॅमेरा समोरून, न लपवता दाखवतो. तो म्हणजे आईच्या हातून झालेला. बाकीच्या गोळ्या आड ठेवल्या आणि नेमका तोच दाखवला, कारण तोच आपल्याला हवा होता. मग दिग्दर्शकाने तो हिसकावून घेतला. ज्यांनी टाळी वाजवली, ते काही क्रूर लोक नव्हते. महोत्सवाला येणारी शिकलीसवरलेली, हिंसेच्या विरोधात बोलणारी माणसे होती. तरी एका माणसाच्या छातीत गोळी घुसली आणि हात आपोआप वर गेले.

याआधीही तो तरुण मधूनच कॅमेऱ्याकडे वळतो, डोळा मारतो आणि प्रेक्षकालाच विचारतो की तुम्ही कुणाच्या बाजूचे, तुम्ही कुणावर पैज लावाल. म्हणजे घरात घुसलेले दोघे आणि खुर्चीवर बसलेला तिसरा, अशी ही टोळी आहे, असे हानेके सुचवतात. त्या दोघांना असे वागण्याचे कारण विचारले, तर ते बालपण वाईट गेले, नशेची सवय लागली अशी एकामागून एक कारणे सांगतात. सगळी खोटी, आणि सगळी हसत हसत. कारण सापडले की प्रेक्षकाला बरे वाटते. ते समाधानही इथे मिळत नाही.

या चित्रपटावर राग काढणाऱ्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. प्रेक्षकाने तिकीट काढले, तुमच्यावर विश्वास टाकून तो अंधारात बसला. तुम्ही त्याला दोन तास छळता आणि वर विचारता, ‘तू अजून इथे का बसला आहेस?’ हा तर घरी जेवायला बोलावून पाहुण्याला खादाड म्हणण्यासारखा प्रकार झाला. हिंसा दाखवूनच हिंसेविरुद्ध उपदेश करायचा, हा दुटप्पीपणा नव्हे काय, असेही टीकाकारांनी विचारले. यावर हानेके यांचे उत्तर असे होते की जो उठून जातो त्याला या चित्रपटाची गरज नाही, जो शेवटपर्यंत बसतो त्याला ती आहे. उत्तर हुशारीचे आहे, पण कठोर आहे. काहीजण केवळ आईचे पुढे काय होते या काळजीने बसले असतील. काळजीलाही गुन्हा म्हणायचे का? माझ्या मते नाही. पण काळजी आणि चटक या दोन गोष्टी एकाच खुर्चीवर किती चिकटून बसतात, हे या चित्रपटाने दाखवले, ते खोटे म्हणता येत नाही.

घरावरील हल्ल्याचे चित्रपट त्याआधीही होतेच. १९७१ चा सॅम पेकिनपा यांचा ‘स्ट्रॉ डॉग्ज’ घ्या. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या एका खेड्यात राहायला आलेला अमेरिकन गणितज्ञ, त्याची पत्नी, आणि घराला वेढा घालणारे गावगुंड. भूमिका डस्टिन हॉफमन यांची. भित्रा वाटणारा तो नवरा शेवटी एकेकाला ठार मारतो. त्या वेळीही मोठे वादळ उठले. त्यातल्या स्त्रीवरील अत्याचाराच्या दृश्यामुळे ब्रिटनमध्ये १९८४ ते २००२ या काळात घरी बघण्यासाठी त्याची व्हिडिओ कॅसेट मिळू शकत नव्हती. दोन्ही चित्रपटांत घरावर हल्ला होतो, पण प्रेक्षक बाहेर पडतो तो वेगळ्या मनाने. ‘स्ट्रॉ डॉग्ज’ आपल्याला बदल्याची गरमी देतो. ‘फनी गेम्स’ ती गरमी हातात देऊन काढून घेतो. पहिल्यासारखे चित्रपट पुढे ढिगाने निघाले. दुसऱ्यासारखे फारसे निघाले नाहीत.

हानेके यांना हा प्रश्न खरे तर अमेरिकन प्रेक्षकाला विचारायचा होता. मूळ चित्रपट जर्मन भाषेत असल्याने तो तिथे निवडक लोकांपुरताच राहिला. म्हणून २००७ साली त्यांनी स्वतःच तो इंग्रजीत पुन्हा केला. नाओमी वॉट्स आणि टिम रॉथ आईवडिलांच्या भूमिकेत, आणि प्रत्येक दृश्य जवळपास जसेच्या तसे. २००८ मध्ये तो अमेरिकेत लागला आणि पडला. ज्यांच्यासाठी बनवला ते बघायला आलेच नाहीत. मजा मिळणार नाही हे आधीच कळले असेल, तर पैसे कोण खर्च करणार?

आता आपल्या घरात येऊ. मागे एका भगिनीने लिहिले होते की मुलगा रात्री दार लावून मोबाईलवर थरारपट बघतो, ओरडावे की सोबत बसावे? मला वाटते, पहिली गोष्ट लक्षात घ्यावी ती अशी की चित्रपटगृहातून उठून जाणे हे एक उत्तर असते. ते चारचौघांत दिलेले असते. खुर्चीचा आवाज होतो, शेजारचा बघतो, दार उघडते. मोबाईलवर बंद करणे अगदी सोपे आहे, पण ते कुणी बघत नाही आणि म्हणून ते बहुधा केलेही जात नाही. बोट थांबते ते फक्त पुढचा व्हिडिओ आणण्यापुरते.

आणि त्या पडद्यावर केवळ चित्रपटच येतात असे नाही. आपल्या सगळ्यांच्या फोनवर कधी ना कधी खरी मारहाण आलेली आहे. कुणाला तरी घेरलेले असते, तो हात जोडत असतो, आणि मारणारा मध्येच कॅमेऱ्याकडे बघून हसतो. हानेके यांच्या चित्रपटातला तरुण डोळा मारतो तो नट आहे. इथला माणूस नट नाही आणि मार खाणाऱ्याचे घरचेही खरे आहेत. तो व्हिडिओ कुणीतरी बघावा यासाठीच काढलेला असतो. बघणारा म्हणजे आपण. तो पुढे पाठवला की मारणाऱ्याला हवा असलेला प्रेक्षक आणखी एकाने वाढतो, मग पाठवताना आपण कितीही कळवळा लिहिला तरी. पुराव्याचे मोल असेल तर असा व्हिडिओ पोलिसांकडे, वकिलाकडे, जबाबदार पत्रकाराकडे गेला पाहिजे. नातेवाइकांच्या ग्रुपवर, जिथे आठ वर्षांची नातही आजीचा फोन हाताळते, तिथे त्याचे काम नाही.

याहून अवघड प्रश्न टाळीचा आहे. मार खाणारा आपला वाटतो तेव्हा आपण रडतो, आणि ते साहजिकच आहे. पण ज्याच्यावर आपला राग आहे त्याला कुणी तुडवताना दिसले, तर? त्या वेळी ‘बरे झाले’ असे आत कुठेतरी उमटते का? कानच्या प्रेक्षागृहात वाजलेली टाळी हीच होती. अन्याय सहन केलेल्या माणसाला ही टाळी सगळ्यात लवकर वाजवावीशी वाटते, आणि म्हणून त्यानेच ती जास्त सांभाळावी लागते. नाहीतर जुलूम वाईट असतो म्हणून नव्हे, तर तो आपल्यावर झाला म्हणून वाईट, एवढाच धडा आपण मुलांना देऊ.

दुसऱ्याच्या दारात उभे राहून आधी सलाम करावा, परवानगी मागावी, तीनदा विचारूनही होकार आला नाही तर मनात काही न धरता परत फिरावे, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना लहानपणीच मिळते. त्या चित्रपटातले दोघे अदबीचे शब्द सगळे वापरतात, फक्त परत फिरत नाहीत. अदब आणि ढोंग यातला फरक तेवढाच आहे. पडद्याचेही तसेच. तो काही न विचारता आत येतो. त्याला परत पाठवायचा अधिकार घरच्यांचाच.

म्हणून मुलावर ओरडण्याने फारसे साधणार नाही. तो दार आणखी घट्ट लावेल. एखाद्या संध्याकाळी चहा घेताना सहज विचारावे: काल बघितलेस त्यात मेला तो कोण होता, त्याच्या घरी कोण होते? कुठल्या ठिकाणी तुला आनंद झाला? आणि तेच दृश्य रिमोटने मागे फिरवून तुझ्याकडून काढून घेतले असते, तर तुला कुणाचा राग आला असता? उत्तर लगेच मिळणार नाही. कदाचित तो उलट आपल्यालाच विचारेल, ‘अम्मी, तुम्ही मालिकेतल्या त्या सुनेला थप्पड बसली तेव्हा का हसलात?’ विचारले तर रागावू नये. दोघांनी मिळून उत्तर शोधावे.