जुनी गाडी, नवे ब्रेक

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. यंदा डालडाच्या एका जुन्या डब्यातून वडिलांच्या चेतक स्कूटरचा प्लगपाना निघाला. "ठेवायचा की टाकायचा?" असा सौभाग्यवतींचा सवाल खालून आला आणि त्याच वेळी खिशातला फोन वाजला. डेट्रॉइटजवळ नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एका मोटारीची जाहिरात पाठवली होती. खाली इतकेच लिहिले होते, "मामा, घेऊ का?" पाठोपाठ ताईचा निरोप : "तुझं ऐकतो तो. नको म्हणून सांग."

मराठी शिकवणाऱ्या माणसाला मोटारीबद्दल सल्ला विचारणे म्हणजे सोनाराला म्हैस पारखायला सांगण्यासारखे आहे. पण मामेपणाला नाही म्हणता येत नाही. माळ्यावरच बैठक मारून मी जाहिरात वाचायला घेतली. किंमत रुपयांत करून पाहिली आणि घटकाभर फोन पालथा ठेवला.

गाडी १९६५ सालची पॉन्टियॅक जीटीओ. हिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा घरचाच नियम होता. पॉन्टियॅक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४च्या मॉडेलसाठी त्यातून पळवाट काढली. जीटीओ ही नवी गाडी नव्हेच, 'टेंपेस्ट लमान्स' या साध्या गाडीवर गिऱ्हाइकाने हवे तर घ्यावे असे जादा सामान आहे, असे त्यांनी कागदावर दाखवले. त्या 'सामाना'त ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन होते! आमच्या दारातल्या गाडीचे सव्वा लिटरचेही नाही. नाव तर इटलीच्या फेरारीकडून सरळ उचललेले. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. मग इतर कारखान्यांनीही तोच कित्ता गिरवला आणि 'मसल कार' ही जात रूढ झाली. आपण तिला पैलवान गाडी म्हणू.

पण या पैलवानाला पळता येई तितके थांबता येत नसे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेगात दोन-चारदा जोराने दाबले की ते तापत आणि त्यांची पकड सुटू लागे. तरुणांच्या हाती अशी गाडी म्हटल्यावर विम्याचे हप्ते चढले. १९७०च्या कायद्याने धुरावर बंधने आली, १९७३ साली तेलाचा तुटवडा पडला आणि १९७४नंतर जीटीओ बंद झाली. पुढे २०१० साली पॉन्टियॅक हे नावच कारखान्याने मिटवले.

भाच्याने पाठवलेल्या गाडीचा सांगाडा, पत्रा आणि डॅशबोर्ड मूळचा आहे. इंजिनही त्याच काळातले, पण दुसऱ्या गाडीचे. कार्बुरेटरच्या जागी नवे फ्युएल इंजेक्शन, चारऐवजी पाच गतींचा गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, खांद्यावरून येणारे पट्टे आणि वातानुकूलन. मग ही जुनी गाडी म्हणायची की नवी?

या प्रश्नावर तिकडे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, खिळाही बदलू नका. 'बुलिट' या १९६८च्या चित्रपटातली मस्टँग गाडी २०२० साली लिलावात निघाली, ती पोचे आणि गंज यांसकट, आणि ३४ लाख डॉलरला गेली. दुसरा पंथ म्हणतो, गाडी आहे, देव्हाऱ्यातला टाक नव्हे. ती रस्त्यावर चालली पाहिजे आणि वेळेवर थांबली पाहिजे.

इथे मात्र माझा विषय निघाला. १९६४ आणि ६५च्या गाड्यांचा सांगाड्यावरचा नंबर पाहून ती जीटीओ की साधी लमान्स हे कळत नाही. कारखान्याचे जुने दप्तर काढावे लागते. त्यामुळे साध्या गाडीवर तीन अक्षरे डकवून विकणारे महाभाग पुष्कळ. जुन्या पोथ्यांतल्या प्रक्षिप्त ओव्यांशी झगडणाऱ्याला हे नवे नाही. नाथमहाराजांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पुढच्यांना तीत भर घालू नका असे बजावून ठेवले. डागडुजी करणे हा गुन्हा नव्हे. डागडुजी लपवणे हा गुन्हा. या जाहिरातीत मूळचे काय आणि बदललेले काय, अशा दोन याद्या शेजारी शेजारी दिल्या होत्या. मला माणूस आवडला.

शेवटी विकण्याचे कारण होते : 'क्लच दाबायला गुडघा साथ देत नाही.'

ते वाचले आणि हातातला पाना जड झाला. चेतक सुरू होईना की वडील तिला एका अंगाला कलवत आणि मग किक मारत. पुढे त्यांचे गुडघे गेले. २००९ साली "आता कशाला ती?" म्हणून मीच ती भंगारवाल्याला दीड हजाराला दिली. ते काही बोलले नाहीत. फक्त डिकी उघडून हा पाना काढून घेतला. चेतक हे नाव २०२०मध्ये परत आले, पण ती विजेवर चालते. तिला प्लगच नाही.

मी भाच्याला कळवले : "घे, पण तीन अटी. कारखान्याचे दप्तर पाहा. बायकोला विचार. आणि पैसे दिल्यावर त्या आजोबांना शेजारी बसवून गावाला एक फेरी मारून आण."

ताई दोन दिवस बोलली नाही. खालून पुन्हा हाक आली, "अहो, ठेवायचा की टाकायचा?"

"ठेवायचा," मी म्हटले.

"काय उपयोग त्याचा?"

"काही नाही," असे म्हणून मी पाना पुसून डब्यात ठेवला.